सहा मीटरची पौर्णिमा

हातातल्या बॅटरीचा उजेड किती लांब जातो, हे ठरवायला जगाने माप घेतलंय ते चांदण्याचं. अशा बॅटऱ्यांसाठी 2009 साली अमेरिकेत एक मानक तयार झालं. झोत जिथे पाव लक्सवर उतरतो तिथे त्याची मजल संपली, असं ते सांगतं. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्री पूर्ण चंद्र जमिनीवर जेवढा उजेड टाकतो, साधारण तेवढाच.

आता वाशिमच्या बाजारात मिळणारी, गाडीच्या किल्लीला लटकवायची एका एलईडीची प्लास्टिकची बॅटरी घ्या. दिवा बऱ्यापैकी असेल तर झोताच्या मध्यावर त्याची तीव्रता दहा कँडेलाच्या आसपास भरते. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. एक मीटरवर दहा लक्स, दोन मीटरवर अडीच, आणि सहा मीटरवर पाव लक्सच्या किंचित वर. म्हणजे सहा मीटर लांबीची पौर्णिमा आपण खिशात घेऊन हिंडतो!

सहा मीटर कमी वाटतील, पण रिसोड-मालेगावकडे रब्बीत ओलित करणाऱ्याला विचारा. शेतीपंपाची थ्री-फेज लाईन पाळीपाळीने येते. पाळी रात्रीची असली की ऐन थंडीत उठून मोटर चालू करायला, हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाइप हलवायला जावंच लागतं. त्याला शंभर मीटरवरची बाभूळ दिसून काय उपयोग? धुऱ्यावर पुढचं पाऊल कुठे पडतंय ते दिसलं पाहिजे. फक्त एक अडचण आहे. चांदण्याएवढ्या उजेडात आपल्या डोळ्यांना रंग जवळपास कळतच नाहीत, बारकावेही पुसले जातात. पाचोळ्यात बसलेली घोणस सहा मीटरवरून पाचोळाच दिसते. दोन मीटरवर मात्र तिच्या पाठीवरचे ठिपके उठून दिसायला लागतात. म्हणून झोत लांब फेकू नये, पावलापुढेच ठेवावा.

जागलीला जाणाऱ्यांना आणखी एक गंमत ठाऊक असते. बॅटरी कमरेशी न धरता डोळ्यांच्या अगदी बाजूला धरली, तर अंधारातल्या रोहीचे (नीलगायीचे) डोळे लखलखतात. त्याच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो आणि तो उजेड आला त्याच वाटेने परत पाठवतो. जमिनीवर पळून शिकार करणाऱ्या काही कोळ्यांकडेही असाच थर असतो. तोच झोत ढेकळांवर फिरवा. हिरवट ठिणग्या चमकतील, आणि जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक ठिणगीमागे एक कोळी. सापाचे डोळे मात्र असे चमकत नाहीत, त्या भरवशावर राहू नये.

बॅटरीतला हा दिवा दिवसा, बंद असताना भिंगाखाली धरून बघण्यासारखा आहे. पारदर्शक गोल माथ्याच्या आत धातूच्या दोन पट्ट्या उभ्या असतात. एकीच्या टोकाला चिमुकली वाटी, वाटीत पिवळ्या पुडीचा ठिपका. त्या पिवळ्या पुडीखाली मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा स्फटिक दडलेला असतो आणि तिथून केसाहून बारीक तार दुसऱ्या पट्टीकडे जाते. पांढरा उजेड देणारं यात काहीच नाही. स्फटिक निळा उजेड देतो, पूड त्यातला काही गिळून पिवळा करून सोडते, आणि निळा-पिवळा मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. झोत भिंतीवर टाका, मध्यावर निळसर आणि कडेला पिवळट झाक दिसेल. तिरप्या निघालेल्या उजेडाला पुडीतून जास्त वाट काढावी लागते ना. लाल एलईडी 1962 सालीच आला होता. चकचकीत निळा यायला 1993 उजाडलं. तो जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी साधला, आणि 2014 साली आकासाकी व आमानो यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं.

आयुष्याचा हिशोब याहून अजब आहे. एलईडी जुन्या बल्बसारखा फट्कन उडत नाही, तो मंदावत जातो. म्हणून कारखान्यांनी ठरवलं की उजेड सत्तर टक्क्यांवर आला की आयुष्य संपलं म्हणायचं. खोक्यावरचे 50,000 तास बहुधा या अर्थाने असतात. रोज रात्री दहा मिनिटं वापर धरला तर ही 822 वर्षं होतात. देवगिरीच्या यादवांच्या काळात हातात घेतलेला दिवा आत्ता कुठे सत्तर टक्क्यांवर आला असता! अर्थात हा आकडा चांगल्या, उष्णता बाहेर काढणाऱ्या दिव्यांचा. किल्लीच्या बॅटरीतला पाच मिलिमीटरचा दिवा इपॉक्सीत बुडवलेला असतो. निळ्या उजेडाने आणि उष्णतेने ती इपॉक्सी पिवळी पडते आणि काही हजार तासांत उजेड निम्मा होतो. सहा हजार तास धरा. तरी रोज दहा मिनिटांनी 98 वर्षं.

मग बॅटरी इतक्या लवकर का मिणमिणते? कारण थकतो तो सेल. आत बहुधा सीआर 2016 जातीचे दोन बटन सेल एकावर एक असतात, तीन-तीन व्होल्टचे. दिव्याला लागतात तीन-सव्वातीन व्होल्ट, मिळतात सहा, आणि मध्ये विजेला आवर घालणारा रेझिस्टर नसतो. सेलच्या पोटातलाच विरोध तेवढा आवर घालतो. स्वस्तात बसवलेली ही जोडी मला फार हुशारीची वाटते. सेलची साठवण 90 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास. वीस मिलिअँपिअरने जेमतेम साडेचार तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. मात्र दाब उतरला तरी एलईडी बारीक प्रवाहावर तेवत राहतो, आणि निम्मा झालेला उजेड डोळ्याला निम्मा वाटत नाही. सुरुवातीला सांगितलेलं अमेरिकेतलं मानकही उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंत बॅटरी 'चालू' धरतं. जुन्या बल्बच्या बॅटरीत सेल उतरले की उजेड लालसर व्हायचा आणि लोक सेल काढून उन्हात ठेवायचे. तापल्यावर थोडा वेळ जीव यायचाही.

सेल बदलताना नंबर नीट बघा. 2016 मधले 20 म्हणजे व्यास वीस मिलिमीटर, 16 म्हणजे जाडी 1.6 मिलिमीटर. 2032 ची जाडी 3.2. दोन 2016 च्या जागी एक 2032 तंतोतंत बसतो, आणि फसगत इथेच होते: व्होल्ट सहाचे तीन होतात, दिवा काजव्याएवढा लागतो, आणि नव्वद वर्षं चालू शकणारा एलईडी 'गेला' म्हणून उकिरड्यावर जातो.