ज्याला विचारणारं कुणी नाही

१ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी नागपूरच्या वाड्यात परसोजी भोसले अंथरुणात मृत आढळले. वडील दुसरे रघूजी आदल्याच वर्षी गेले होते. परसोजी शरीराने आणि मनाने दुबळे, त्यामुळे कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबांच्या हाती होता. परसोजींच्या मृत्यूने गादी ज्यांच्याकडे जाणार होती ते आप्पासाहेब त्या दिवशी नागपुरात नव्हतेच. महत्त्वाच्या कामाचं निमित्त सांगून ते चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, गेले होते. इंग्रजांचा रेसिडेंट जेंकिन्स याला सुरुवातीला घातपाताचा संशय आला नाही. हा खून होता हे उघड झालं ते पुढे, आप्पासाहेबांचं आणि इंग्रजांचं फाटल्यावर. १८१८ मध्ये आप्पासाहेबांची गादी गेली आणि दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा परसोजींच्या विधवा दुर्गाबाईंच्या मांडीवर दत्तक देऊन त्या अल्पवयीन मुलाला राजा केलं गेलं. जुन्या काळातल्या खुनाच्या कादंबरीला जे जे लागतं ते या हकिगतीत आयतं आहे. गुन्ह्याच्या वेळी आपण दूर होतो हे दाखवायला चांद्याची वाट आहे, फसलेला पहिला तपास आहे, आणि शेवटी मोठ्यांच्या डावात उचलून आणलेलं एक पोर आहे.

अनाथांच्या कथा आणि जुन्या काळातल्या खुनांच्या कथा ग्रंथालयात वेगवेगळ्या कपाटांत असतात. पहिल्या मुलांच्या आणि हळव्या वाचकांच्या, दुसऱ्या प्रवासात वेळ घालवणाऱ्यांच्या, अशी आपली समजूत. मला मात्र या दोन्हींचा आनंद मुळात एकच वाटतो. ज्याच्यासाठी विचारणा करणारं कुणी उरलेलं नाही, अशा माणसाची विचारणा पुस्तकभर होत राहते. अनाथाच्या कथेत तो माणूस जिवंत असतो, खुनाच्या कथेत मेलेला, एवढाच फरक. डिकन्सच्या ‘ब्लीक हाऊस’मध्ये (१८५२-५३) या दोन्ही वाटा एकत्र येतात. आपलं कुणीच नाही अशा समजुतीत वाढलेली एस्थर आणि वकील टल्किंगहॉर्नचा खून, ही दोन्ही कोडी एकाच कुटुंबाच्या झाकलेल्या भूतकाळात गुंतलेली आहेत, आणि इन्स्पेक्टर बकेट खुन्याला पकडल्यावर एस्थरच्या आईच्या मागावर निघतो. मराठी इतिहासातही ही जोड आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचा मुलगा सवाई माधवराव जन्मला तो १८ एप्रिल १७७४ रोजी, पित्याच्या मृत्यूनंतर. आई गंगाबाईही तो लहान असतानाच गेली. एकाच घटनेने आपल्याला खुनाची कथाही दिली आणि पोरक्या पेशव्याचीही.

यावर पहिला आक्षेप नैतिक आहे, आणि गडचिरोलीत तो अधिक बोचतो. ज्या जिल्ह्याने गेली चाळीसेक वर्षं नक्षलवादी हिंसाचार पाहिला, जिथे गोळी कुणाचीही असली तरी मागे पोरकी मुलंच उरली, तिथे पोरकेपण आणि खून ही करमणूक कशी व्हावी? आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येत नाही. पण दुःख सोसणाऱ्यांना दुःखाची गोष्ट नकोशी असते, हे त्यामागचं गृहीत खोटं आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची रंगभूमी पाहावी. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, मंडईच्या निमित्ताने रात्रभर प्रयोग होतात, आणि कौटुंबिक ताटातुटीचं नाटक लोक उजाडेपर्यंत पाहतात. शेवट काय होणार हे बहुतेकांना पहिल्या अंकातच कळलेलं असतं. याच मातीतल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे बाहेरच्यांचं लक्ष गेलं. इथला प्रेक्षक दुसऱ्याच्या दुःखाची मजा पाहायला येत नाही. एरवी ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही अशा माणसाला पूर्ण रात्र दिली जाते, हे त्याला हवं असतं. जुना काळ याला मदत करतो. आजच्या खुनाविषयी बोलताना कोण ऐकतंय याचा विचार करावा लागतो, दोनशे वर्षांपूर्वीच्या खुनाविषयी लागत नाही.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे: या कथा फार नीटनेटक्या संपतात. ऑलिव्हरला घराणं सापडतं, जेन एअरला काकाचा वारसा मिळतो, खुनी नेमका शेवटच्या प्रकरणात पकडला जातो. दुय्यम पुस्तकांना हे लागू आहे, श्रेष्ठांना नाही. किपलिंगचा मोगली सिवनीच्या रानातला, आणि त्याची वैनगंगा तीच, जी पुढे चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्या सीमेवरून वाहत वर्धेला मिळते आणि प्राणहिता होते. वाघाने नेलेला आपला मुलगा हाच, असं मेसुआला वाटतं, आणि किपलिंग तिच्या वाटण्यावर पक्का शिक्का कधीच मारत नाही. मेसुआने आपला मानूनही मोगली धड गावचा होत नाही, धड रानाचाही राहत नाही. कर्णाचं तर याहून कठीण. ‘मृत्युंजय’ (१९६७) मराठी घराघरांत वाचली गेली, पण आई कळल्याने कर्णाची सुटका होत नाही, उलट पेच वाढतो. वाचकाला उत्तर हवं असतं हे खरं. उत्तराने सगळं भरून निघावं असा त्याचा हट्ट नसतो.

उणीव आहे ती आपल्या लेखनात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांचा झुंझार आणि काळापहाड त्यांच्याच काळातले. ऐतिहासिक कादंबरीकारांनी कट करणाऱ्यांना पानंच्या पानं दिली, तपास करणाऱ्याला फारच थोडी. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तला (१९०९) रामशास्त्री हा ठळक अपवाद, आणि तेही नाटक. तपासाला ठशांचं शास्त्र नव्हतं तेव्हा माणसांच्या वागण्यावरून, पत्रांवरून, कोण कुठे होतं यावरून सत्य काढावं लागे. एलिस पीटर्सने बाराव्या शतकातल्या कॅडफेल या मठवासी साधूला तपासाला लावलं, उंबेर्तो एकोने १३२७ मधल्या मठात ‘द नेम ऑफ द रोझ’ रचली. चांद्याच्या परकोटात असं काही का रचलं जाऊ नये?

मात्र इथे लिहिणाऱ्याला एक प्रश्न टाळता येणार नाही: न्याय कुणाचा? २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी चिंचगुडीला तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल मारले गेले, आणि २१ ऑक्टोबरला इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. मारणारे कोण, यात रहस्य नाही. इंग्रजांच्या दप्तरात तो खून आहे, इथल्या लोकांच्या मनात तो लढा. या घटनेवरची चांगली कादंबरी खुनी शोधणार नाही. अहेरीच्या जमीनदारीतून शेडमाके इंग्रजांच्या हाती कसे पडले, कोण काय बोललं, कोण गप्प राहिलं, हे ती गोंडी बोलणाऱ्या साक्षीदारांच्या तोंडून काढेल. ती साक्ष कचेरीत दुभाष्यामार्फत जाताना तिचं काय होतं, हेही तिला दाखवावं लागेल.