‘टेक ओके’ कोण म्हणणार?

दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीचं एक रीळ म्हणजे अडीच हजार फूट. चोवीस ट्रॅकच्या यंत्रावर ती सेकंदाला ३० इंच वेगाने पळवली, तर साडेसोळा मिनिटांत संपते. तीन-चार गाणी झाली की दुसरं रीळ काढा, नाहीतर आधीचा एखादा टेक पुसा. रीळ महाग असल्यामुळे कुठला टेक ठेवायचा आणि कुठला घालवायचा, हे कुणीतरी तिथल्या तिथे ठरवावं लागे. आज संगणकावर एका ओळीचे दोनशे टेक साठवले तरी कुणाच्या खिशाला चाट बसत नाही.

ॲनालॉग विरुद्ध डिजिटल हा वाद गेली चाळीसेक वर्षं चालू आहे आणि तो बहुतेक कानाच्या भाषेत घातला जातो. फितीचा आवाज म्हणे उबदार, डिजिटल म्हणे कोरडा. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. खरा फरक पडला तो निर्णयाच्या वेळेत. फितीने तो निर्णय अलीकडे ओढला, संगणकाने लांबणीवर टाकला.

गंमत म्हणजे फीत आली तेव्हा तीच सवलत वाटली होती. त्याआधी थेट तबकडीवर मुद्रण होई. चूक झाली की तबकडी वाया. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीने ‘मॅग्नेटोफोन’ मांडला. मुद्रणाच्या वेळी मूळ आवाजात कानाला न ऐकू येणारा, अतिशय वरच्या कंप्रतेचा प्रवाह मिसळला तर फीत कितीतरी स्वच्छ बोलते, हे पुढे तिथल्या अभियंत्यांच्या लक्षात आलं. युद्ध संपल्यावर जॅक मलिन या अमेरिकन सैन्यातल्या तंत्रज्ञाने अशी दोन यंत्रं सुटी करून घरी धाडली. बिंग क्रॉस्बी हा गायक तेव्हा थेट प्रक्षेपणाला कंटाळला होता. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांच्या वेळा वेगळ्या, म्हणून एकच कार्यक्रम दोनदा करायचा. त्याने ॲम्पेक्स या छोट्या कंपनीत ५०,००० डॉलर घातले आणि १९४८ मध्ये तिची यंत्रं रेडिओत दाखल झाली.

फितीने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ब्लेड. ध्वनिमुद्रक रीळ हाताने मागेपुढे फिरवून नेमकी जागा शोधायचा, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायचा, धातूच्या खाचेत फीत बसवून तिरकी कापायचा आणि मागून चिकटपट्टी लावायचा. काप तिरका अशासाठी, की एका आवाजातून दुसऱ्यात जाताना ‘टक्’ होऊ नये. या कामाचा मला सर्वांत आवडणारा नमुना डिसेंबर १९६६ चा, लंडनमधल्या ईएमआयच्या ॲबी रोड स्टुडिओतला. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’चे दोन टेक होते, एक संथ, दुसरा वाद्यवृंदासह जलद आणि वरच्या पट्टीत. जॉन लेननला पहिल्याची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट हवा होता. लय वेगळी, पट्टी वेगळी, म्हणजे काम अशक्यच. पण फीत हळू पळवली की लय आणि पट्टी दोन्ही एकदमच उतरतात. जॉर्ज मार्टिन आणि जेफ एमरिक यांनी वेग जुळवून पाहिला, तर दोन्ही टेक जवळजवळ एका जागी आले. गाणं सुरू झाल्यावर साधारण मिनिटभराने तो सांधा आहे. आता संगणकावर लय आणि पट्टी स्वतंत्रपणे बदलता येतात, त्यामुळे हे काम दोन मिनिटांचं. मात्र त्या गाण्यातलं ते किंचित जडावलेलं, झोपेतून उठल्यासारखं गाणं या नाइलाजातूनच आलं आहे.

फितीचा शाप होता ‘हिस’, मागे सतत चालणारा तो सूंसूं आवाज. एका फितीवरून दुसरीवर नक्कल केली की तो वाढायचा. चार ट्रॅक भरले, ते एकावर उतरवले, पुन्हा तीन मोकळे करून घेतले, असं जितकं कराल तितकी सुरसुर जास्त. त्यावर उतारा शोधणाऱ्या रे डॉल्बीचा आपल्याकडे फारसा उल्लेख होत नाही, याचं मला नवल वाटतं. विद्यार्थिदशेत ॲम्पेक्समध्ये काम केलेला हा माणूस १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात, चंडीगडला होता. इथे असताना तो भारतीय संगीताचं ध्वनिमुद्रण करी. हिस दाबण्याची मूळ कल्पना त्याला इथेच सुचली. १९६५ मध्ये त्याने लंडनला कंपनी काढली आणि पुढे त्याचं नाव कॅसेट डेकच्या बटणापासून थिएटरच्या पाटीपर्यंत पोचलं.

मुंबईत मात्र सिनेमाचं गाणं बराच काळ ट्रॅक-बिक न पाहता एकदमच मुद्रित होई. मेहबूब, ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस. आत वादकांचा ताफा, गायक वेगळ्या खोलीत, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. आधी ‘मॉनिटर’, म्हणजे तालीम. कुणाला माइकजवळ बसवायचं, कुणाला मागे सरकवायचं, ते तेव्हाच ठरे. मग टेक. शेवटच्या अंतऱ्यात एखादं व्हायोलिन चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. या पद्धतीचा कणा होते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली ही मंडळी समोरचा कागद बघून पहिल्या वाचनात वाजवत. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागचे सेबॅस्टियन डिसूझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ट्रॅक वाढत गेले तशी तालवाद्यं आज, व्हायोलिनं उद्या, गायक सवडीने, अशी विभागणी सुरू झाली. पाठोपाठ सिंथेसायझर आला आणि व्हायोलिनच्या रांगा ओस पडल्या. त्याचं खापर डिजिटलवर फोडण्याची पद्धत आहे. माझ्या मते ते अन्यायाचं आहे. वादक एकमेकांपासून सुटे झाले ते फितीवरच.

आणि डिजिटल तरी फितीवाचून कुठे आलं? सुरुवातीला ते आकडे साठवायला व्हिडिओची यंत्रं वापरली. व्हिडिओच्या दर ओळीत आवाजाचे ३ नमुने, एका फील्डमध्ये वापरायच्या २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. करा गुणाकार, ४४,१००. १९८२ मध्ये आलेल्या सीडीचा तो पवित्र आकडा मुळात टीव्हीच्या चित्राच्या हिशोबातून आला आहे. राय कूडरचा ‘बॉप टिल यू ड्रॉप’ हा १९७९ चा गाजलेला डिजिटल अल्बमही थ्रीएमच्या बत्तीस ट्रॅकच्या फितीवरच झाला.

डिजिटल आवाज ‘पायऱ्यापायऱ्यांचा’ असतो, हा समज अजूनही सुशिक्षित माणसांत आहे. तो चूक आहे. माणसाला ऐकू येणाऱ्या कंप्रतांच्या दुपटीहून जास्त नमुने सेकंदाला घेतले, तर मूळ लहर अखंड परत मिळते. फितीचा फरक वेगळ्या ठिकाणी आहे. तिच्यावर जास्त जोराचा आवाज टाकला तर ती हळूहळू भरत जाते आणि टोकं गोलावतात. ढोलकीची थाप जाड होते, कानाला ते आवडतं. डिजिटलमध्ये मर्यादा ओलांडली की टोक सपाट कापलं जातं आणि आवाज फाटतो. शिवाय फीत वरचे स्वर थोडे खाते, म्हणून ध्वनिमुद्रक ते आधीच चढवून ठेवत. नव्या यंत्रावरही ती सवय सुटली नाही, तेव्हा सुरुवातीच्या सीडींचा कर्कशपणा निम्मा माणसांचा होता.

१९९१ मध्ये प्रो टूल्स ही संगणकावरची मुद्रणप्रणाली आली, चार ट्रॅकची. १९९९ च्या रिकी मार्टिनच्या ‘लिव्हिन ला व्हिडा लोका’पर्यंत अख्खं गाणं संगणकात करून ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेता येऊ लागलं. तिथपासून ‘आत्ता घेऊन ठेवू, नंतर बघू’ हा स्टुडिओचा स्वभाव झाला. मुंबईत गायक आता ओळ ओळ, कधी शब्द शब्द ‘पंच’ करतात. नवखा गायक त्यामुळे तरतो हे खरं. पण सबंध अंतरा एका श्वासाच्या हिशोबाने गाणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. शिकागोचा स्टीव्ह अल्बिनी २०२४ मध्ये मरेपर्यंत फितीवरच बँड मुद्रित करत राहिला. तो ऊबबीब बोलत नसे. फाइलचं रूप आणि सॉफ्टवेअर बदलत राहतं, फीत पन्नास वर्षांनीही वाजेल, असा त्याचा रोकडा मुद्दा होता.

मुद्दा पटण्यासारखा आहे, पण फीतही शब्दाला जागतेच असं नाही. १९७०-८० च्या दशकांतल्या काही नामांकित फितींचा चिकटद्रव हवेतला ओलावा पिऊन सुटतो. यंत्रावर चढवली की फीत चरचरते, अडकते, तपकिरी लगदा हेडवर जमतो. उपाय ऐकायला विचित्र आहे: ती साधारण ५४ अंश सेल्सिअसला काही तास भाजायची. मग थोडे दिवस ती वाजते, आणि तेवढ्यात तिची डिजिटल नक्कल करायची. जगभरचे ध्वनिसंग्राहक सेकंदाला ९६,००० नमुने, २४ बिट हे माप पसंत करतात.

नव्या फितीचेही हाल आहेत. अमेरिकेतला शेवटचा मोठा कारखाना, क्वांटेजी, जानेवारी २००५ मध्ये बंद पडला, आणि मधला काही काळ स्टुडिओवाल्यांनी रिळं साठवून ठेवली. आता अमेरिकेत आणि युरोपात मोजके लोक ती बनवतात. दुसरीकडे स्टुडर कंपनीच्या फितीच्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर मिळतं. त्यात हिसचं वेगळं बटण असतं. डॉल्बीने आयुष्य घालवून जी काढली, ती लोक पैसे देऊन परत लावतात.

पुण्या-मुंबईतल्या घरांमध्ये खाजगी मैफलींची पाव इंची स्पूलं अजून कपाटांत आहेत. भाजण्याचा उपाय सगळ्यांना लागू नाही. जुन्या ॲसिटेट फिती उष्णतेने बिघडतात, आणि मायक्रोवेव्हचा तर विचारही नको. फीत उजेडासमोर धरली आणि रिळाच्या कडेतून उजेड आरपार दिसला, तर ती बहुधा ॲसिटेटची. अशी स्पूलं उभी ठेवावीत, आणि जुनं यंत्र जाणणारा माणूस भेटेपर्यंत वाजवायचा मोह टाळावा.