तळाचं बटण

माहूरगडावर आलेला भाविक रेणुकामातेचं दर्शन घेतो, कुटलेल्या विड्याचा तांबूल प्रसाद घेतो, जमलं तर दत्तशिखर, अनसूया करतो आणि संध्याकाळच्या आत परतीला लागतो. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. फिल्मच्या काळात मात्र देवीच्या दारी घरच्यांचा एकत्र फोटो हवा असेल, तर गळ्यात कॅमेरा अडकवून उभ्या असलेल्या माणसाला गाठावं लागे. तो पैसे आणि पत्ता घेई, फोटो पोस्टानं येई. या फोटोग्राफरांवर लिहायला संपादकांनी मला पाठवलं होतं. त्यांतल्या एका जुन्या काकांनी कपाटातून पेंटॅक्स के-१००० काढून हातात दिला, आणि माझं सगळं लक्ष त्याच्या तळाशी असलेल्या एका बारक्या बटणानं खाऊन टाकलं.

इतिहास फार लांबवत नाही. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा ऑस्कर बार्नाकचा लायका १९२५ साली लाइपझिगच्या मेळ्यात लोकांसमोर आला. १९३४ साली कोडॅकनं भर उजेडात कॅमेऱ्यात भरता येईल असा तयार रोल काढला. के-१००० हा पूर्ण हातानं चालणारा कॅमेरा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता. आपल्याकडे घरोघरी दिसायचा तो अग्फा क्लिक थ्री. त्यातल्या १२० च्या रोलला पाठीशी कागद असे. फिल्म एका रिळावरून दुसऱ्या रिळावर जाई, बारा फोटो झाले की पट्टी चिकटवून रोल काढून घ्यायचा. मागे गुंडाळायची भानगडच नाही.

३५ मिलिमीटरचं तसं नाही. फिल्म डबीतून बाहेर येते आणि फोटो काढून झालेला भाग पलीकडच्या रिळावर उघडाच गुंडाळला जातो. छत्तीस फोटो झाले तरी तो सगळा माल कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या दाराच्या भरवशावर असतो. ते दार उघडण्याआधी फिल्म डबीत परत गेलीच पाहिजे.

इथे ते बटण येतं. फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात, एका फोटोला आठ. लिव्हर ओढली की दातेरी चाक त्या भोकांत दात घालून फिल्म बरोबर एका फोटोपुरती पुढे नेतं. हे चाक फक्त पुढेच फिरतं, मागे फिरायला ते तयार नसतं, आणि फोटो एकमेकांवर चढत नाहीत ते त्याच्या या हट्टामुळेच. तळाचं बटण दाबलं की चाकाचा गिअर सुटतो आणि ते मोकळं फिरू लागतं. मग डावीकडची घडीची कडी उघडायची आणि बाणाच्या दिशेनं फिरवायची.

काकांनी रिकाम्या पडलेल्या जुन्या रोलवर ते करून दाखवलं. कॅमेरा कानाजवळ धरला, डाव्या हाताचं बोट तळाच्या बटणावर आणि उजव्या हातानं कडी, घाई अजिबात नाही. डबीच्या तोंडाशी असलेल्या मखमलीच्या पट्टीतून फिल्म सरकताना बारीक सरसर येत होती. शेवटाला कडी किंचित अडली, मग एकदम हलकी झाली. फिल्मचं टोक पलीकडच्या रिळातून सुटलं होतं. "जोर लागला की थांबायचं," ते म्हणाले, "बटण सुटलंय का बघायचं." एवढ्या साध्या वाक्यामागे किती वर्षांच्या जत्रा होत्या, हे त्यांचा हात पाहून कळत होतं.

कारण बिघडायच्या वाटा पुष्कळ. बटणाची स्प्रिंग बिघडली की ते मध्येच वर येतं. कडी जड होते, माणूस जोर लावतो आणि दातेरी चाक भोकं फाडत सुटतं. फाटलेले कण शटरच्या पडद्यात जातात ते वेगळंच. उलट, बटण आतच अडकून राहिलं तर पुढचा रोल नीट सरकेल याची खात्री नाही. आकडा पुढे जातो, पण फिल्म जागच्या जागीच राहिली तर घरोघरी पाठवायला एकही फोटो नाही. म्हणून नवा रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची कडी फिरते का ते पाहायचं. ती फिरली तरच फिल्म चालते आहे.

सगळ्यात वाईट हाव सदतिसाव्या फोटोची. समोर कुटुंब उभं असतं, लिव्हर अर्ध्यात अडते, आणि ती रेटली की फिल्मचं मागचं टोक डबीतल्या पट्टीपासून निसटतं. मग कडी कितीही फिरवा, फिल्म येत नाही. कडीखालचा, डबीतलं रीळ फिरवणारा काटा तुटला तरी हाताला हेच लागतं, म्हणून नेमकं काय झालं ते बाहेरून कळत नाही. दोन्ही वेळा दार उजेडात उघडायचं नाही. काळ्या पिशवीत हात घालून, ती नसेल तर रात्री अंधाऱ्या खोलीत गोधडीखाली, बोटांनी फिल्म काढायची आणि उजेड न शिरणाऱ्या डब्यात बंद करायची. रोल गेला तर छत्तीस पत्त्यांवरची माणसं पुन्हा गडावर आणता येत नाहीत.

दत्तजयंतीच्या जत्रेत आणखी एक धोका. मार्गशीर्षातली कोरडी थंडी, त्यात भराभर कडी फिरवली की फिल्मवर स्थिर वीज उमटते आणि धुतल्यावर फोटोंवर फांद्यांसारख्या रेघा दिसतात. मखमलीत घाटातली धूळ बसली असेल तर रोलभर सरळ ओरखडे.

आता शहरांतली तरुण मुलं जुने कॅमेरे शोधून घेतात, याचा मला आनंद आहे. पण काळजीही वाटते. काट्याचा किंवा स्प्रिंगचा नवा भाग मिळत नाही, तो दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढावा लागतो, आणि तसं करणारे हात कमी होत चालले आहेत. त्या मुलांसाठी काकांकडून ऐकलेलं एक इथे नोंदवतो. गुंडाळण्याआधी चुकून दार उघडलंच तर रडत बसू नका, झटकन मिटा. रिळावरचे वरचे वेढे, म्हणजे शेवटी काढलेले फोटो, जळतील. सुरुवातीचे आतल्या वेढ्यांत असतात, त्यांतले काही वाचू शकतात. बटण दाबा, हळू गुंडाळा आणि तो रोल फेकून न देता धुवायला टाका.