घरची फिल्टर कॉफी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चहाचं आधण कसं ठेवायचं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतं. कॉफीलाही तेच नियम लावले जातात आणि चांगली पूड वाया जाते. चहा उकळलेला चालतो. कॉफीला उकळी सोसत नाही. घरी चांगली कॉफी करायला दोन भांड्यांचा दाक्षिणात्य फिल्टर पुरेसा आहे. आधी काही समजुती तपासून घेऊ.

गैरसमज : जितकी उकळावी तितकी कॉफी कडक होते.
वस्तुस्थिती : उकळल्याने कॉफी कडक नव्हे, कडू होते. पुडीतले आंबट-गोड, सुवासिक घटक पाण्यात लवकर उतरतात. कडू आणि तुरट घटक मागाहून. पूड पाण्यात उकळत ठेवली की सुवास वाफेबरोबर निघून जातो आणि कडवटपणा उरतो. कडक हवी असेल तर पूड वाढवा. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धं मिनिट थांबा. ९२ ते ९६ अंश सेल्सिअस तापमान योग्य.

गैरसमज : चिकोरी म्हणजे भेसळ.
वस्तुस्थिती : चिकोरी हे एका वनस्पतीचं मूळ. ते वाळवून, भाजून, दळून कॉफीत मिसळतात. त्यात कॅफीन नसतं. डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरणाऱ्या कॉफीच्या अर्काला, मात्र दाटपणा आणि गडद रंग येतो. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. न सांगता मिसळली तरच ती भेसळ. म्हणून विकत घेताना पाकिटावरचे आकडे वाचा. ८०:२० मध्ये कॉफीची चव पुढे राहते, जवळपास निम्मी चिकोरी असेल तर चिकोरीची.

गैरसमज : काळपट भाजलेल्या कॉफीत कॅफीन जास्त.
वस्तुस्थिती : कॅफीन मुख्यतः जातीवर ठरतं. रोबस्टात ते अरेबिकाच्या सुमारे दुप्पट असतं. कर्नाटकात कोडगू आणि चिक्कमगळूरच्या मळ्यांत दोन्ही पिकतात. गडद भाजणीने चव बदलते, कॅफीन वाढत नाही.

गैरसमज : जायफळ घातलं की कॉफीने झोप उडत नाही.
वस्तुस्थिती : जायफळाने मराठी घरच्या कॉफीला तिचा खास सुगंध येतो, पण कॅफीन तेवढंच राहतं. शरीरातलं निम्मं कॅफीन कमी व्हायला सर्वसाधारणपणे पाच तास लागतात. ज्यांची झोप हलकी, त्यांनी रात्रीच्या जेवणानंतरचा कप टाळावा.

गैरसमज : पूड फ्रिजमध्ये ताजी राहते.
वस्तुस्थिती : फ्रिजमधला डबा उघडला की हवेतला दमटपणा थंड पुडीवर बसतो, शिवाय ती इतर पदार्थांचे वास ओढते. पूड घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेड आणि उष्णतेपासून दूर ठेवा. आठवड्या-दोन आठवड्यांपुरतीच आणा. मुंबईत माटुंग्याच्या दुकानांत ती समोर दळून मिळते.

आता कृती. दोन कपांसाठी २० ग्रॅम पूड फिल्टरच्या वरच्या भांड्यात सारखी पसरा. दांड्याची चकती तिच्यावर ठेवून हलकेच दाबा. १५० मिलिलिटर गरम पाणी गोल फिरवत ओता, झाकण लावा आणि १५-२० मिनिटं हात लावू नका. डिकॉक्शन थेंबाथेंबाने उतरायला हवं. धार लागली तर पूड जाड आहे किंवा चकती नीट दाबली गेली नाही. थेंबच अडले तर पूड फार बारीक आहे किंवा दाब जास्त झाला. तयार डिकॉक्शन पुन्हा गॅसवर ठेवू नका. दूध कडकडीत तापवून त्यात मिसळा.

पहिल्याच दिवशी मनासारखी जमली नाही, तर दुसऱ्या दिवशी पूड, पाणी किंवा दाब यांतलं एकच काहीतरी बदला. काय चुकलं ते लगेच कळतं, आणि महागडं यंत्र न घेता आपल्या घराचं माप सापडतं.