सरासरी घट आणि खरा पूर

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस पुराच्या गणितावर का बोलतोय, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात आलंच असेल. 'सरासरी'वर किती भरवसा ठेवायचा, हा आमचाही जुना प्रश्न आहे, आणि त्याचं फार चांगलं उदाहरण मला ऑस्ट्रेलियातल्या जलशास्त्रात सापडलं.

पडलेला सगळा पाऊस नदीत जात नाही. काही पानांवर अडतो, काही खळग्यांत साठतो, बराचसा जमिनीत मुरतो. या न पोचलेल्या पाण्याला तिकडे 'लॉस' म्हणतात; आपण घट म्हणू. पाणी वाहायला लागेपर्यंत जे जिरतं ती आरंभीची घट, आणि पुढे तासाला अमुक मिलिमीटर अशी चालू घट. अडचण अशी की एकाच खोऱ्यात आरंभीची घट दर वादळाला वेगळी निघते. जमीन आधी किती भिजलेली आहे त्यावर ते असतं. आपला शेतकरी वाफसा बघतो ना, तसंच काहीसं.

2010 चा डिसेंबर हा क्वीन्सलँडमधला नोंदींतला सर्वांत ओला डिसेंबर. त्या भिजलेल्या जमिनीवर जानेवारीचा पाऊस आला आणि 13 जानेवारी 2011 ला ब्रिस्बेन शहरात नदी 4.46 मीटरपर्यंत चढली. (धरणाचे दरवाजे कधी उघडले, हा वेगळा वाद, तो आज सोडू.)

आता सोपा हिशेब करू. पाऊस 60 मिलिमीटर. घट कधी 10, कधी 30, कधी 80. सरासरी 40, म्हणजे वाहणारं पाणी 20. बरोबर? पण तिन्ही वेळा वेगळं मोजा: 50, 30 आणि शून्य. यांची सरासरी जवळजवळ 27 येते! कारण घट कितीही मोठी असली तरी वाहणारं पाणी शून्याखाली जात नाही. शिवाय घराचं जोतं किती उंच घ्यायचं हे ठरवताना तो 50 चा आकडा महत्त्वाचा, आणि सरासरीत नेमका तोच दिसेनासा होतो.

'ऑस्ट्रेलियन रेनफॉल अँड रनऑफ' ही तिथल्या अभियंत्यांची मार्गदर्शिका. 1987 च्या आवृत्तीतली रूढ रीत अशी: वर्षाला 1 टक्का शक्यतेचा पाऊस घ्या, एक ठरावीक घट वजा करा, येणारा पूरही 1 टक्क्याचाच समजा. हे गृहीतक मला कायम धाडसी वाटत आलंय. मध्यम पाऊस ओल्या जमिनीवर पडला तरी मोठा पूर येतोच की! 2016 च्या आवृत्तीत माँटे कार्लो पद्धतीला मानाचं स्थान मिळालं. नाव जुगाराच्या गावावरून आलंय, काम मात्र गंभीर: पाऊस, त्याचा कालक्रम, घट, सगळं आपापल्या वितरणातून हजारो वेळा उचलायचं, दर वेळी पूर काढायचा आणि मग शक्यता मोजायची.

पण घटीचं वितरण आणायचं कुठून? इथे एक सुखद गोष्ट हाती लागली. खोऱ्याखोऱ्यांची मध्यक घट वेगळी असते, पण प्रत्येक घटीला त्या मध्यकानं भागलं की पसाऱ्याचा आकार बराच सारखा दिसतो. म्हणजे मध्यक स्थानिक घ्यायचा आणि आकार सामाईक.

एक सावधगिरी मात्र हवीच. मोठे पूर निवडून त्यांच्यावरून घट काढली, तर ओल्या जमिनीचीच वादळं हाती येतात. ज्यांचं पाणी मुरून गेलं ती यादीत येतच नाहीत, आणि घट कमी दिसते. म्हणून वादळं निवडताना पूर किती आला हे बघायचं नाही, पाऊस किती पडला हे बघायचं.