अपोहन व रक्तातील अम्ल-क्षारक समतोल
प्रथिनांच्या चयापचयातून प्रौढाच्या शरीरात वजनाच्या दर किग्रॅ.मागे रोज सु. १ मिलिमोल अम्ल तयार होते. निरोगी वृक्क (मूत्रपिंड) ते उत्सर्जित करून रक्तातील बायकार्बोनेट लिटरमागे २२–२६ मिलिमोल राखतात. वृक्क निकामी झाल्यास ही भरपाई अपोहन (डायालिसिस) द्रवातून करतात. बायकार्बोनेटाचा कॅल्शियमाबरोबर साका बनत असल्याने १९६४ पासून ॲसिटेट वापरात आले, परंतु त्याने अनेकांचा रक्तदाब उतरे. दोन विद्राव यंत्रातच मिसळण्याची सोय झाल्यावर बायकार्बोनेट पुन्हा रूढ झाले. मिळालेला साठा मात्र पुढील अपोहनापर्यंत खर्च होत राहतो. साक्रीसारख्या गावाहून दूर जाणाऱ्या रुग्णाची एक पाळी चुकली, तरी रक्ताची अम्लता वाढते. ती दीर्घकाळ टिकल्यास हाडे व स्नायू झिजतात. उलट, द्रवात बायकार्बोनेट फार ठेवल्यास रक्तातील पोटॅशियम उतरून हृदयाची लय बिघडू शकते.