धूर कुठून जाणार? : घराच्या आराखड्यातली फायरप्लेस



गेल्या वेळी आपण न्यायदर्शनातल्या अनुमानाबद्दल बोललो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे आपलं जुनं उदाहरण. आणि दाखला कशाचा? तर स्वयंपाकघराचा. आज तोच धूर घेऊन आपण कॉम्प्युटरच्या पडद्याकडे जाणार आहोत. विषय थोडा विचित्र वाटेल, पण तो माझ्या घरातूनच आला आहे.

माझा पुतण्या इथे नेवाशात घर बांधतो आहे. महाबळेश्वरच्या एका जुन्या बंगल्यात त्याने फायरप्लेस पाहिली आणि ती मनात भरली. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलाच गारठा असतो, तेव्हा हौस अगदीच अनाठायी नाही. त्याच्या मुलीने स्वीट होम थ्रीडी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घर काढलं. भिंतींची जाडी-उंची भरायची, सामान माउसने ओढून आणून ठेवायचं, की एका बाजूला नकाशा आणि दुसऱ्या बाजूला उभं घर दिसतं. ती म्हणाली, "आबा, बघा." हॉलच्या भिंतीशी सुंदर फायरप्लेस, आत जाळ, समोर सोफा. मी विचारलं, "धूर कुठून जाणार?" तिने वरचा मजला उघडला. फायरप्लेसच्या बरोबर डोक्यावर तिचा स्वतःचा पलंग होता! (हशा)

चूक तिची नव्हती. अशा सॉफ्टवेअरमध्ये फायरप्लेस ही कपाटासारखी एक वस्तू असते. उचलली आणि ठेवली. पण खरी फायरप्लेस म्हणजे वस्तू नव्हे, वाट आहे. विटा आणि दगड दिसतात, काम करते ती मधली पोकळी. तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर चढते, तिच्या जागी खोलीतली हवा जाळाकडे ओढली जाते. ही ओढ टिकली तर धूर वर जातो, नाही तर माणसांच्या डोळ्यांत. १७९६ साली काउंट रम्फर्डने लंडनमधल्या धुरकट फायरप्लेस सुधारल्या, तेव्हा त्याने सजावटीला हात लावला नाही. धुराड्याचा गळा अरुंद केला, मागची भिंत पुढे घेतली, बाजू तिरक्या केल्या. बदलला तो पोकळीचा आकार.

या गावात पोकळीचं महत्त्व मी सांगायला नको. ज्ञानेश्वरी ज्या खांबाशी सांगितली गेली असं आपण मानतो, त्याचं नावच पैस. पैस म्हणजे ऐसपैस अवकाश. मी नातीला म्हटलं, आधी धुराला पैस दे, मग विटा लाव.

म्हणजे नेमकं काय करायचं? सुरुवात हॉलपासून नव्हे, गच्चीपासून करायची. धुराडं म्हणून एक उभा खोका काढायचा आणि तो प्रत्येक मजल्यावर त्याच जागी ठेवायचा. स्लॅबमधून जाताना तो तुळईवर येत असेल तर जागा बदलायची. स्लॅब ओतल्यावर तुळई तोडता येत नाही. धुराडं शक्यतो घराच्या आतल्या भिंतीला असावं. बाहेरच्या भिंतीतलं गार पडतं आणि ओढ कमी होते.

मग मापं. फायरप्लेसचं तोंड ७५ सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच धरा. क्षेत्रफळ ४५०० चौरस सेंटिमीटर. धुराड्याच्या आतल्या पोकळीचं क्षेत्रफळ साधारण याच्या दहावा भाग, म्हणजे ४५० लागतं. आतून २० बाय २३ ची पोकळी झाली. गच्चीच्या वर धुराडं निदान ३ फूट हवं, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याहून २ फूट उंच. आपल्या गच्चीवर पाण्याची टाकी असते, जिन्याची खोली असते. ती आराखड्यात काढली नाही, तर हा हिशेब चुकतोच. तोंडासमोर किमान ४० सेंटिमीटर फरशी हवी, आणि पडदा, लाकूड, टीव्ही लांब.

आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसत नाही: आत येणारी हवा. खिडक्या घट्ट बंद आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा चालू, तर तो धुराड्यातूनच हवा खाली ओढतो आणि धूर उलटा फिरतो.

आता पुन्हा न्यायशास्त्र. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, पण धूर नाही म्हणून अग्नी नाही असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. हा नुसता वाद नव्हे. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. धूर दिसत नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून हवेची वाट आधी, शोभा नंतर.

हे सगळं चाललं असताना आमच्या वहिनी, म्हणजे पुतण्याची आई, मागच्या पडवीत भाकरी करत होत्या. घरात गॅस आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवर. फुंकणी फुंकता फुंकता त्या खोकत होत्या. नातीने तो खोकला ऐकला, आराखड्याकडे पाहिलं. त्यात सोफा होता, झुंबर होतं. आजीची चूल नव्हती.

प्रवरेकाठी माणूस चूल पेटवतो आहे तो आजचा नव्हे. १९५४ पासून डेक्कन कॉलेजतर्फे सांकळियांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली. त्याच जोर्वे संस्कृतीच्या इनामगावला घरांत चुली आणि अंगणात अग्निखड्डे मिळाले. तीन हजार वर्षं झाली. अग्नी घरात आणणं आपल्याला केव्हाच जमलं. धूर बाहेर काढणं अजून कित्येक घरांत राहिलंय.

त्या रात्री आराखडा बदलला. हॉलमधली फायरप्लेस गेली. धुराड्याचा खोका मागच्या पडवीत सरकला आणि त्याच्याखाली कट्ट्याच्या उंचीची चूल आली, उभ्याने भाकरी करता येईल अशी. शेजारी शेकायला दोन बाकं. पुतण्या थोडा हिरमुसला, पण खर्च एक पैसाही झाला नव्हता. विटा अजून यायच्या होत्या. सॉफ्टवेअरचा खरा उपयोग मला तिथे कळला. भिंत पाडायला हातोडा लागतो, रेघ पुसायला एक बोट.

वहिनींना पडद्यावरची चूल दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "अन् सरपण कुठं ठेवायचं?"

ते आम्ही अजून काढलेलं नाही.